जुन्या छापील पानांतून आडनांवाचा माग

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली म्हणजे देवाच्या उपकारांचें स्मरण. आणि ज्यांच्या हातून श्रद्धेचें दान आपणांपर्यंत पोहोंचलें त्या पूर्वजांचेंही स्मरण. परंतु आपल्यापैकीं किती जणांस पणजोबांच्या पलीकडचें नांव सांगतां येईल? वसई-साष्टीच्या आपल्या घराण्यांचा माग जुन्या वृत्तपत्रांतून व मासिकांतून कसा काढावा, याविषयीं आज चार शब्द बोलतों.

उदाहरणादाखल ‘गोन्साल्विस’ हें आडनांव घेऊं. पोर्तुगीज भाषेंत याचा मूळ अर्थ ‘गोन्सालोचा मुलगा’. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगिजांस दिली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. मधल्या दोन शतकांत बाप्तिस्मा घेणारांनीं धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव घ्यावें, अशी चाल होती. म्हणून आडनांव एक तर रक्तही एक, असें समजूं नये. एकाच धर्मग्रामांतील दोन गोन्साल्विस घराण्यांचे मूळ पुरुष निरनिराळे असूं शकतील. आडनांवाबरोबर गांव व बाप्तिस्म्याचें नांव जुळलें, तरच तो माणूस आपला असण्याचा संभव.

मुंबईचें पहिलें वृत्तपत्र १७८९ सालीं निघालें. म्हणजे वसई पडल्यावर ५० वर्षांनीं. त्यामागील काळासाठीं तेथें शोध करणें व्यर्थ होय. आपणांस विशेष उपयोगी म्हणजे १८५० सालीं मुंबईंत सुरू झालेलें इंग्रजी ‘एक्झामिनर’, आणि १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं काढलेलें मराठी मासिक ‘निरोप्या’. अशा पत्रांतील निधनवार्ता, गुरुदीक्षेचे वृत्तांत व देणग्यांच्या याद्या सावकाश चाळाव्या.

आतां पुष्कळ जुनीं पत्रें संगणकावर शोधतां येतात. परंतु यंत्रास आपण जें रूप सांगावें तेवढेंच तें शोधतें. म्हणून गोन्साल्विस, गोन्सालवीस, घोन्सालवीस अशीं सर्व रूपें आधीं लिहून काढावीं. रोमन लिपींतलीं पोर्तुगीज व इंग्रजी वळणेंही घ्यावीं. १८०० च्या पूर्वींच्या इंग्रजी छपाईंत शब्दाच्या मधला ‘एस’ बहुधा ‘एफ’सारखा दिसे, यंत्र तो तसाच वाचतें, आणि नांव हातचें निसटतें. शिवाय ‘ईस्ट इंडियन’ हें नांव आपल्या समाजानें १८८७ सालीं धारण केलें. त्यापूर्वीं आपल्या लोकांचा उल्लेख ‘पोर्तुगीज’ या नांवाखालीं पाहावा. स्त्रियांचीं नांवें बहुधा पतीच्या नांवाआड लपलेलीं असतात. तींही सोडूं नयेत.

समजा, १९११ च्या एका अंकांत कोणी ६३ वर्षांचा होऊन वारल्याची वार्ता मिळाली. मग १८४८ च्या मागच्यापुढच्या दोनतीन वर्षांची बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी, कारण वय पुष्कळदां अदमासानें सांगितलेलें असतें. नोंदींत आईबाप व धर्ममातापिते भेटतात, आणि माग एक पिढी मागें जातो. अंकाची तारीख व पान मात्र तेथल्या तेथें टिपून घ्यावें.

तथापि एक गोष्ट विसरूं नये. छापील पानावर बहुधा शिकलेल्यांचीं, हुद्देदारांचीं व दानशूरांचीं नांवें येतात. बागाईत शिंपणारा, मिठागरांत राबणारा, होडी घेऊन दर्यांत जाणारा आपला पूर्वज तेथें क्वचितच सांपडेल. त्याचें नांव देवळाच्या वहींत आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाच्या नोंदीची आज्ञा केली, तिचें मोल येथें कळतें. ज्याला वृत्तपत्रानें ओळखलें नाहीं, त्याला ख्रिस्तसभेनें नांवानिशीं लिहून ठेविलें.

म्हणून माझी विनंती इतकीच. घरांतील जुने अंक, लग्नपत्रिका, मृत्युपत्रिका रद्दींत घालूं नका. वृद्ध मातापित्यांस आजच विचारा, आणि ऐकलेलीं नांवें वहींत उतरा; त्यांच्यामागें तीं सांगणारा कोणी उरणार नाहीं. मग २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनीं आपण ‘आमचे पूर्वज’ एवढेंच न म्हणतां, एकेकाचें नांव घेऊन त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं. देव त्यांस चिरशांति देवो.