गाणे आणि गाऱ्हाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या जुन्या सभासदाने उठावे, मंडळाची चार शब्दांत स्तुती करावी आणि हळदीकुंकवाला वाट मोकळी करून द्यावी, अशी आपली रीत आहे. आज मी ती थोडी मोडणार आहे. तुम्ही मला क्षमा करालच.

यंदाचा कार्यक्रम ठरविताना आपल्यात जो वाद झाला तो सर्वांना ठाऊक आहे. आपल्या तरुण सभासदांनी गाण्यांचा एक कार्यक्रम बसवावयाचे ठरविले. त्यात एक गाणे हुंड्याचे होते, एक नळाच्या पाण्याचे, आणि एक घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबाराचे. त्यावर काही भगिनी म्हणाल्या, "मंडळात राजकारण नको." कुणीतरी कपाटातून इतिवृत्ताची जुनी वही काढली आणि १९८४ सालचा ठराव वाचून दाखविला: मंडळाच्या व्यासपीठावर राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम होऊ नयेत. वादाच्या भरात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या ठरावाखाली कार्यवाह म्हणून जी सही आहे ती माझी आहे. त्या सहीबद्दल आज मला बोलावयाचे आहे.

मी लग्न होऊन घाटकोपरला आले ते १९७० साली. दोन वर्षांनी महागाईने कहर केला. तेल मिळेना, रॉकेल मिळेना, रेशनच्या रांगेत सकाळ जाई. तेव्हा गोरेगावच्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईने लाटणे मोर्चे पाहिले. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवावयाच्या असत. आमच्या चाळीच्या गॅलरीत मीही थाळी आणि लाटणे घेऊन उभी राहिले. आधी सगळ्यांचे ठोके वेगवेगळे पडत होते. थोड्या वेळाने आपोआप एक ठेका जमला. समोरच्या चाळीतून तोच ठेका परत आला, तेव्हा अंगावर काटा आला. शास्त्रात त्याला कला म्हणत असतील की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी मला कुणी 'राजकारण नको' म्हटले नाही, सासूबाईंनीही नाही. त्यांनीच मला मोठी थाळी काढून दिली.

मग बारा वर्षांनी मीच तो ठराव का लिहिला?

१९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगभूमीवर आणले. पुढे महाराष्ट्रात गावोगाव त्याचे प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेले. आपल्या एका सभासद भगिनीने सुचविले की, हे नाटक आपल्या मंडळात बोलवावे. मी ताबडतोब विरोध केला. घराघरांत भांडणे लागतील, पुरुषमंडळी बायकांना मंडळात पाठविणार नाहीत, मंडळ फुटेल, अशी कारणे मी दिली. ती कारणे अगदीच खोटी नव्हती. पण खरे कारण निराळे होते. माझ्या घरी नुकतीच तिसरी मुलगी झाली होती. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, ही आपली चाल. आमच्याकडे त्या खेपेला बर्फीसुद्धा आली नाही. बारशाला पाळणा बांधला तो दार लोटून. अशा वेळी आपल्याच गल्लीत, आपल्याच सभागृहात ते नाटक व्हावे आणि साऱ्या गल्लीचे डोळे माझ्याकडे वळावेत, याची मला धास्ती वाटली. त्या धास्तीला मी 'राजकारण नको' असे भारदस्त नाव दिले आणि खाली सही केली.

रॉकेलची अडचण साऱ्या चाळीची होती, म्हणून तिची लाज नव्हती. मुलीचे दुःख मात्र माझे एकटीचेच आहे असे मी धरून चालले होते. जे चारचौघींचे ते उघड बोलावयाचे आणि जे एकटीचे ते गिळावयाचे, हा आपल्या बायकांचा जुना हिशेब.

पुढच्या वर्षी मी मुलुंडला नणंदेकडे गेले होते. सासूबाईही बरोबर होत्या. नणंद म्हणाली, "वहिनी, संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बायकांचं नाटक आहे, आईलाही घेऊ." कोणते नाटक ते तिने सांगितले नाही, आणि तिथे पोहोचल्यावर उठून येण्याची सोय उरली नाही. मुलगी जन्मल्यापासून तिच्या वाट्याला काय काय येते ते गाण्यांतून आणि लहान लहान प्रसंगांतून उलगडत गेले. लोक हसत होते, मधेच गप्प होत होते. मी सासूबाईंकडे पाहण्याचे टाळत होते. घरी परतताना त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सूनबाई, मला पहिल्या तिघी मुलीच झाल्या. तिसऱ्या खेपेला सुईण लुगड्याचा मानसुद्धा न घेता गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

चौदा वर्षे आम्ही एका चुलीवर स्वयंपाक करीत होतो. हे बोलणे त्या चुलीपाशी झाले नाही. ते एका नाटकानंतर, स्टेशनच्या वाटेवर झाले.

त्याच वाटेवर त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. सासरे गिरणीत होते आणि सासूबाई कितीतरी वर्षे कोकणात, गावी. महिन्याची मनीऑर्डर आणि शिमगा-गणपतीला माणूस, एवढाच संसार. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून सासऱ्यांनी अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ऐकली होती आणि गावी आल्यावर ती ते ओट्यावर बसून म्हणून दाखवीत. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, असे ते गाणे. आणि ऐकता ऐकता त्या नवराबायकोची ताटातूट ही सीमेवरच्या मराठी मुलखाची ताटातूट होऊन जाते. सासूबाई म्हणाल्या, "मला बेळगाव कुठं आहे तेही माहीत नव्हतं. पण मी गावावर राहिलेली होते ना! मला वाटे, या माणसाला माझ्या मनातलं कळलं कसं?"

भगिनींनो, राजकीय कला म्हणजे काय, याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकापेक्षा या एका वाक्यात सापडले. अण्णाभाऊंनी सासूबाईंना सीमाप्रश्न समजावून सांगितला नाही. त्यांच्या घरचे दुःख घेतले आणि ते राज्याच्या दुःखाशेजारी नेऊन ठेविले. त्यामुळे राज्याचे दुःख त्यांना कळले, आणि आपले दुःखही लहान नाही हेही कळले.

हे अण्णाभाऊ कुणी परके नव्हेत. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा हा माणूस. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले. मुंबईत येऊन त्यांनी गिरणीत काम केले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या जोडीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पुढे 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली, तिला १९६१ साली राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. आणि हे सारे होत असताना ते कित्येक वर्षे राहत होते ते आपल्या घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. शंभरावर माणसांनी त्यासाठी प्राण दिले. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. अण्णाभाऊ १९६९ साली, पन्नाशीही न गाठता, हलाखीतच गेले. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले.

आता कुणी म्हणेल की, गाण्यांनी काय होते? रास्त प्रश्न आहे. गाण्याने तांदूळ स्वस्त होत नाही आणि नाटकाने हुंडा थांबत नाही. 'मुलगी झाली हो' आले त्याच १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध तेव्हाच्या भारतीय दंडविधानात ४९८अ हे कलम आले. ते नाटकाने आणले असे मी म्हणणार नाही. त्यामागे चळवळी होत्या, मोर्चे होते, जळून मेलेल्या मुली होत्या. पण कायदा पुस्तकात असतो आणि बाई स्वयंपाकघरात असते. पोलीस चौकीची पायरी चढण्याआधी 'हे माझ्या एकटीचे नशीब नव्हे' एवढे तिला कळावे लागते. ते कळविण्याचे काम गाणे करते.

आपल्या आजीपणजीला हे ठाऊक होते. जात्यावरच्या ओव्यांत आणि भोंडल्याच्या गाण्यांत सासरचे किती गाऱ्हाणे आहे! फरक इतकाच की ते गाणे बायकांनी बायकांत म्हणावयाचे; ओटीवर बसलेल्यांनी ऐकले तरी ऐकले नाही असे करावयाचे. तेच गाऱ्हाणे ज्या दिवशी ओटीपुढे आणि चव्हाट्यावर म्हटले जाते, त्या दिवशी त्याला राजकारण म्हणतात. शब्द तेच, पण ऐकणारे बदललेले.

ज्या भगिनींनी यंदा विरोध केला, त्यांचे म्हणणे मी झिडकारीत नाही. आपल्या मंडळात वेगवेगळ्या पक्षांना मानणाऱ्या घरांतल्या बायका एका सतरंजीवर बसतात. ही सतरंजी फाटू नये, ही काळजी खरी आहे. शिवाय कलेच्या नावाखाली काय चालते तेही आपण पाहतो. निवडणूक आली की सिनेमाच्या चालीवर पुढाऱ्याचे गुणगान कर्ण्यातून दिवसभर वाजते. जुन्या काळीही पोटासाठी धन्याची स्तुती गाणारे होतेच. मग हे आणि ते ओळखावे कसे? मी माझ्यापुरती दोन प्रश्नांची कसोटी लाविते. यात गाऱ्हाणे कुणाचे आहे, सोसणाऱ्याचे की मागणाऱ्याचे? आणि हे गाण्याने गाणाऱ्याच्या पदरात काय पडणार आहे, बिदागी की जोखीम? या कसोटीला जे उतरेल ते कोणत्याही रंगाचे असो, ऐकून घ्यावे. पटले नाही तर तसे सांगावे. ऐकणे म्हणजे मान डोलविणे नव्हे.

जोखीम म्हटले, म्हणून शेवटची एक गोष्ट सांगते; ती जड आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली सकाळी दिसली. लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. मुलुंडच्या वस्तीत विलास घोगरे नावाचे शाहीर राहत होते. गोरगरिबांची गाणी रचीत, गात. आनंद पटवर्धन यांच्या झोपडपट्टीवासीयांवरच्या 'हमारा शहर' या बोलपटात त्यांचे गाणे आहे. गोळीबारानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी आपल्या खोलीत आपले जीवन संपविले. पुढे पटवर्धनांनी 'जयभीम कॉम्रेड' हा बोलपट केला, त्याची सुरुवात या शाहिरापासून होते.

त्या आठवड्यात आपल्या मंडळात काय चालले होते, ते मी वहीत पाहिले. मंगळागौरीच्या खेळांची तयारी. गोळीबाराचा एक शब्द नाही, दुखवट्याचा ठराव नाही. मी तेव्हा कार्यवाह नव्हते, पण सभेला हजर होते. कुणी बोलले नाही आणि मीही बोलले नाही. महामार्ग आपल्यापासून किती लांब आहे? रिक्षाने जाता येते इतका. पण १९८४ चा तो ठराव आमच्या तोंडावर बसलेला होता.

शाहीर समाजाचे दुःख आपल्या गळ्यात घेतो. आपण टाळ्या वाजवितो, गाणे पाठ करतो, आणि तो माणूस त्याच दुःखाबरोबर खोलीत एकटा राहतो. अण्णाभाऊंचे तेच झाले, घोगऱ्यांचेही तेच. गाणाऱ्याने समाजाचे काय देणे लागते, याची चर्चा फार होते. ऐकणाऱ्याकडेही काही बाकी निघते की नाही? निदान इतकी तरी, की त्याचे म्हणणे आपल्या अंगणात म्हटले जाऊ द्यावे आणि म्हणणारा परत गेल्यावर तो कसा आहे याची चौकशी करावी.

म्हणून वार्षिक सभेपुढे मी लेखी सूचना ठेविली आहे. १९८४ चा माझा ठराव रद्द करावा. त्याच्या जागी एवढेच लिहावे: या व्यासपीठावर कोणत्याही पक्षाचा झेंडा लागणार नाही आणि कोणत्याही बाईचे गाऱ्हाणे अडविले जाणार नाही. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी सभेत जरूर विरोध करावा. मी राग धरणार नाही. पण विरोध करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय ऐकावयाचे नाही, हे एकदा मनाशी विचारून पाहावे. मी ते तेव्हा विचारले नाही.

माझी ती तिसरी मुलगी आज पुढच्या रांगेत बसली आहे. यंदाच्या कार्यक्रमातले पाण्याचे गाणे तिनेच रचले आहे. तिच्या बारशाची बर्फी राहिली होती. आज फराळाच्या बशीत जी आहे, ती माझ्याकडून. गोड मानून घ्या.