उसना अग्रक्रम

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. मागच्या रांगांमध्ये बसलेल्या तुमच्या आईवडिलांसाठीही एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या.

या सभागृहातले सगळे फोन आत्ता सायलेंटवर, खिशात आहेत असं मी धरून चालतो. स्क्रीन काळी, म्हणजे फोन निवांत पडलाय, असं आपल्याला वाटतं. मला नव्या फोनचं वेड पहिल्यापासून. पण दुकानात चकाकणाऱ्या फोनपेक्षा प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडा पडलेला फोन जास्त आवडतो. बॅटरीच्या वाटेत छोटा रेझिस्टर घालायचा, ऑसिलोस्कोपचे प्रोब लावायचे आणि बघत बसायचं. सपाट रेषा, मग एक उसळी; पुन्हा सपाट, पुन्हा उसळी. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो. मॉडेम तेवढा ठरावीक अंतराने, अनेकदा सव्वा सेकंदाच्या आसपास, क्षणभर जागा होतो, आपल्यासाठी कॉल आहे का ते टॉवरकडून ऐकतो आणि परत झोपी जातो. पावलं मोजायचं काम बहुतेक फोनमध्ये आणखी एका चिमुकल्या प्रोसेसरकडे असतं. जाहिरातीत कौतुक गिगाहर्ट्‌झचं. बॅटरी रात्रीपर्यंत टिकते ती या धाकट्यांच्या जिवावर.

एम्बेडेड सिस्टिममध्ये, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या संगणकात, धाकट्यांकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचा धडा मंगळावर मिळाला. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर तिथे उतरलं. छायाचित्रं येऊ लागली, जगभर जल्लोष झाला. मग काही दिवसांनी यानावरचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं.

कारण मोठं मजेशीर होतं. हवामानाच्या नोंदी घेणारं एक काम अगदी खालच्या अग्रक्रमाचं. माहितीची देवाणघेवाण करताना एक सामायिक कुलूप तेवढ्यापुरतं त्याच्या हाती यायचं. वरच्या अग्रक्रमाच्या कामाला तेच कुलूप हवं असायचं, म्हणून ते थांबायचं. इतक्यात मधल्या अग्रक्रमाची कामं घुसायची आणि धाकट्याला बाजूला सारायची. धाकटं कुलूप सोडू शकेना, थोरलं पुढे सरकेना. वेळ टळली की यंत्रणा सगळं रीसेट करायची.

अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर हा घोळ पुन्हा घडवून पकडला. संगणकात काय घडतंय याच्या नोंदी ठेवणारा कोड त्यांनी उड्डाणापूर्वी काढून टाकला नव्हता, म्हणून ते जमलं. उपायाची सोयही सॉफ्टवेअरमध्ये आधीच होती, फक्त ती बंद होती. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांचा या उपायावरचा शोधनिबंध १९९० मध्येच प्रसिद्ध झाला होता. उपाय असा: थोरलं काम ज्याच्यामुळे अडलंय, त्या धाकट्याला थोरल्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता उसना द्यायचा. ते झटपट आटोपतं, कुलूप सोडतं, आपल्या जागी परत जातं. पृथ्वीवरून ती सोय चालू केली आणि रीसेट थांबले.

मित्रहो, उद्या तुम्ही नोकरीला लागाल. तुमचा प्रकल्प ‘अर्जंट’ असेल आणि अडलेला असेल तो रात्रपाळीच्या एका टेक्निशियनपाशी. टेस्टिंगचा एकुलता एक जिग त्याच्याकडे, आणि दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी त्याला दुसऱ्याच कामाला जुंपतंय. अशा वेळी वरिष्ठांना सीसीत ठेवून ‘स्टेटस काय?’ असा मेल टाकणं सोपं असतं. त्याने काम तसूभरही पुढे सरकत नाही. तुमच्या नावाला जे वजन आहे, ते तासभर त्याच्या पाठीशी उभं करा. बाकीच्यांना सांगा, याचं होईपर्यंत याला कुणी हलवायचं नाही. काम झालं की श्रेयाच्या यादीत त्याचं नाव घाला.

दुसरं असं की तुम्ही बनवाल त्या यंत्रात नोंदींची सोय ठेवा. डेडलाइन अंगावर आली की आधी कात्री लागते ती तिलाच. यंत्र लांब गेल्यावर, मग ते मंगळावर असो की शेतातल्या पंपावर, त्याच्या पोटात काय चाललंय हे त्या नोंदीच सांगतात.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच वरच्या अग्रक्रमाच्या खुर्च्यांवर बसतील. बसा, तो तुमचा हक्क आहे. तो अग्रक्रम वेळेला उसना देता आला, तर तुमच्या हाताखालची कामं अडणार नाहीत आणि माणसंही. खूप खूप शुभेच्छा.