कॉक्लिअर इम्प्लांट : पात्रता कोणाची, जबाबदारी कोणाची?

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मीरा-भाईंदर परिसरातील पालक आमच्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : ‘मुलाला ऐकू येत नाही, मशीन बसवायला खर्च किती?’ देणगीदारही तोच आकडा विचारतात. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांला आकड्यांचे वावडे नाही. परंतु पात्रता पैशावर ठरत नाही, हे आज नम्रपणे मांडावयाचे आहे.

प्रथम बेरा आदी चाचण्यांनी दोन्ही कानांतील श्रवणदोष तीव्र असून तो अंतर्कर्णाचा आहे, याची खात्री केली जाते. मग योग्य श्रवणयंत्र काही महिने नियमित लावून पाहतात. त्याने बोलणे पुरेसे कळू लागले, तर शस्त्रक्रियेचे कारणच उरत नाही. सीटी स्कॅन व एमआरआयमध्ये अंतर्कर्णाची रचना आणि श्रवणाची नस दिसते. नसच नसेल, तर इम्प्लांटचा संदेश मेंदूपर्यंत नेणार कोण? मेनिंजायटिसनंतर मात्र अंतर्कर्णात हाड धरण्याचा धोका असल्याने विलंब परवडत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न वयाचा. जन्मतः बहिऱ्या बालकाचा मेंदू पहिल्या काही वर्षांतच ध्वनी उत्तम शिकतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या एडिप योजनेत अशा बालकांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. २०१४ च्या सुधारणेत प्रत्येक संचासाठी ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या कामाची मध्यवर्ती संस्था आहे. उलट, बोलायला शिकल्यानंतर श्रवण गमावलेला प्रौढही पात्र ठरू शकतो. कधीच न ऐकलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या आईला ‘आता बोलण्यासाठी फारसा लाभ होणार नाही’ असे सांगणे जड जाते. परंतु खोटी आशा देणे त्याहून वाईट. त्या मुलाला भारतीय सांकेतिक भाषेचा व योग्य शाळेचा मार्ग दाखविणे, हीदेखील सेवाच होय.

अखेरची कसोटी कुटुंबाची. शस्त्रक्रिया काही तासांत संपते. ऐकण्या-बोलण्याचा अभ्यास वर्षानुवर्षे चालतो. भाईंदरहून लोकलने उपचारासाठी जाणे म्हणजे रोजंदारीवरील पित्याचा खाडा. घरी आईने रोज बोलण्याचा सराव घ्यावयाचा. कानामागील प्रोसेसरची केबल तुटली आणि ती घेण्याची ऐपत नसली, तर लाखोंचे यंत्र निरुपयोगी ठरते. म्हणून कुटुंबाची तयारी तपासणे आवश्यकच आहे. मात्र गरिबी हीच अपात्रता ठरू नये.

येथेच देणगीदारांचे स्थान आहे. यंत्राबरोबरच प्रवास, बॅटऱ्या, दुरुस्ती आणि वाचा-उपचार यांचाही भार आपण उचलावा, ही प्रार्थना. पालकांनाही विनंती, की हाकेला बाळ वळत नसेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नये. श्रवणचाचणी तत्काळ करून घ्यावी.

कोणाला ‘हो’ म्हणावे हे तज्ज्ञांनी ठरवावे. ‘हो’ म्हटल्यावर ते निभावणे मात्र आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.