बनी इस्राएल : राज्ये गेली, विद्या राहिली
(वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मुसलमानांच्या शिक्षण संस्थेत यहुद्यांचा प्राचीन इतिहास कशाला? पण मूसा, हारून, याकूब, दाऊद, सुलेमान ही नावे आपल्या घराघरांत आहेत. कुरआन शरीफमध्ये या लोकांचा उल्लेख वारंवार येतो. सतराव्या सूरेला तर बनी इस्राएल असेही म्हणतात. आणि आपल्या कोकणात, अलिबागच्या बाजूला, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ हे त्याच लोकांपैकी. त्यांची घरची भाषा मराठीच. पश्चिम आशियातील आजचे राजकारण हा माझा विषय नाही. मला बोलायचे आहे ते एका छोट्या समाजाने एकामागून एक परकी राज्ये कशी सोसली याविषयी, आणि मुख्यतः त्यांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी.

हजरत सुलेमान यांच्या पश्चात राज्याची दोन शकले झाली. उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहुदा. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास असिरियाच्या बादशहांनी उत्तरेचे राज्य बुडवले आणि तेथील पुष्कळ लोकांना उचलून दूरदूरच्या मुलखात नेऊन टाकले. ते लोक त्या त्या ठिकाणच्या रयतेत मिसळले आणि त्यांचा मागमूस राहिला नाही. पुढे इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्‌नेस्सरने, म्हणजे आपल्या किताबांतील बख्तनसरने, जेरुसलेम घेतले, हैकल जाळले आणि यहुदाच्या लोकांना कैद करून नेले. हे मात्र मिसळून गेले नाहीत. असे का व्हावे? कारणे अनेक आहेत. एक असे की त्यांना बाबिलोनच्या कालव्यांकाठी एकत्र वसवले गेले; त्या काळच्या मातीच्या पाट्यांवर ‘यहुद’ नावाच्या वस्तीतील शेतसाऱ्याचे आणि कर्जाचे व्यवहार आजही वाचता येतात. दुसरे, हैकल गेल्यावर हातात उरले ते पुस्तक, आणि त्यांनी ते जपले.

इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन जिंकले व यहुद्यांना परतण्याची मुभा दिली. ५१५ च्या सुमारास दुसरे हैकल उभे राहिले. पण एव्हाना व्यवहारात अरामी भाषा रुळत चालली होती. एज्रा यांनी, ज्यांना बहुतेक विद्वान हजरत उजैर मानतात, जेरुसलेमच्या चौकात पुरुष, स्त्रिया आणि समजण्याइतकी मोठी मुले अशा सर्वांपुढे तौरात वाचून दाखवली. वाचन चालू असता इतर जाणते लोक अर्थ उलगडून सांगत होते. पालकहो, नुसते पठण आणि अर्थासह वाचन यांतला फरक त्या लोकांनी सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ओळखला होता.

इ. स. पूर्व ३३२ मध्ये सिकंदर आला. त्याच्यानंतर मिसरचे टॉलेमी, मग शामचे सेल्युकिड. टॉलेमींच्या अमलात अलेक्झांड्रियात तौरातचे ग्रीक भाषांतर झाले, कारण तेथील यहुदी मुलांना आता ग्रीकच समजत होते. सेल्युकिडांपैकी अँटायोकसने १६७ साली खतना आणि शब्बाथ यांवर बंदी घातली, हैकल भ्रष्ट केले. मक्काबी भावांनी बंड केले, १६४ साली हैकल पाक केले आणि पुढे स्वतःचे राज्यही मिळवले. ते शंभर वर्षेही टिकले नाही. त्याच घराण्यातील हिर्कानस आणि अरिस्टोब्युलस हे सख्खे भाऊ गादीसाठी भांडले आणि दोघेही न्याय मागायला रोमन सेनापती पाँपीकडे गेले. भावाभावांच्या वाटणीत बाहेरचा पंच बोलावला की जमीन कोणाच्या नावावर चढते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको! इ. स. पूर्व ६३ मध्ये पाँपी जेरुसलेमचा धनी झाला.

रोमच्या आश्रयाने हेरोद राजा झाला, त्याने हैकल भव्य केले. इ. स. ६६ मध्ये रोमविरुद्ध उठाव झाला. वेढ्यात सापडलेल्या शहरातही यहुद्यांचे गट एकमेकांशी लढत राहिले आणि त्या लढाईत त्यांनी आपलीच धान्याची कोठारे जाळली. इ. स. ७० मध्ये टायटसने हैकल भस्मसात केले. पुढे १३२ ते १३५ चे दुसरे बंडही चिरडले गेले. सम्राट हेड्रियनने शहराचे नावच बदलले आणि यहुद्यांना तेथे पाऊल ठेवण्यास मनाई केली.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. त्यांची परंपरा सांगते की जेरुसलेमच्या वेढ्यातून योहानान बेन जक्काई नावाचे वृद्ध आलिम शवपेटीत लपून बाहेर पडले आणि रोमन सेनापतीसमोर उभे राहिले. त्यांनी गादी मागितली नाही. याव्ने या लहान गावी विद्वानांना शिकवू द्यावे, एवढेच मागितले. कथा जशीच्या तशी घडली असेल वा नसेल, याव्नेचे विद्यापीठ मात्र खरे आहे.

त्याच्या थोडे आधी यहोशुआ बेन गमला या प्रमुख धर्मगुरूने गावोगावी शिक्षक नेमून सहासात वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची व्यवस्था केली, असे तालमूद सांगतो. तोपर्यंत बाप असलेला मुलगा शिके, पोरका राही. बाबिलोनच्या विद्वानांनी पुढे आकडेही ठरवले. एका शिक्षकाकडे २५ मुले. ४० झाली तर गावाच्या खर्चाने मदतनीस. ५० झाली तर दोन शिक्षक. शिक्षणासाठी मुलाला नदीपलीकडे पाठवायचे असेल तर पक्का पूल हवा. अरुंद फळीवरून नको. शिक्षकाने मारलेच तर चपलेच्या वादीने, याहून अधिक नाही. आपल्या पट्टीधारी गुरुजनांनी हे अवश्य ऐकावे! या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. ती मुलांपुरतीच होती, मुली बाहेर राहिल्या. एज्रांच्या चौकात बसलेल्या त्या बाया पुढच्या शाळेत दिसत नाहीत. आठवीनंतर मुलीचे नाव काढायला निघालेल्या पालकांनी यहुद्यांची ही गोष्ट उचलू नये, अशी माझी विनंती आहे.

इराकमध्ये सुरा आणि पुंबेदिता येथील विद्यापीठे शतकानुशतके चालली, इराणचे राज्य होते तेव्हा आणि नंतर मुसलमानांचे आले तेव्हाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, इ. स. ६३८ च्या सुमारास, बैतुल मुकद्दस मुसलमानांकडे आले आणि त्यानंतर यहुद्यांना तेथे पुन्हा राहता येऊ लागले. अरबी ही त्यांचीही भाषा झाली. मिसरमध्ये जन्मलेले सादिया हे ९२८ साली सुराच्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. ते विद्यापीठ तेव्हा अब्बासींच्या बगदादमध्ये होते. या सादियांनी तौरात अरबीत आणली. येमेनच्या यहुद्यांच्या जुन्या हस्तलिखितांत प्रत्येक वचन तीनदा लिहिलेले आढळते : आधी हिब्रू, खाली अरामी आणि त्याखाली सादियांची अरबी.