एका इंग्रज आडनावाची कुळकथा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पाचारण केले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची कल्पना असावी. आम्ही विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. युनियनच्या माणसाला इंग्रजांच्या आडनावांची ही हौस कोठून लागली, असे त्यांना वाटले असेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण आठवीत संपले. पुढचे सारे यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही भाषाशास्त्री नाही, इतिहाससंशोधक तर नाहीच नाही. तरीही हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो.

दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका सूतगिरणीतला एक कामगार वारला. गिरणीच्या हजेरीपटावर त्याचे नाव 'लखू बाबू' असे होते. आधार कार्डावर 'लक्ष्मण बाबूराव' आणि पुढे आडनाव. बँकेच्या पुस्तकावर तेच आडनाव, पण एक अक्षर कमी. हयातीत या तिघांचे कधी भांडण झाले नाही. तो वारला आणि त्याच्या फंडाच्या रकमेवरून तिघांचा तंटा सुरू झाला. त्याची बायको चौदा महिने हेलपाटे घालीत होती. एके दिवशी ती युनियनच्या कचेरीत येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, माझा मालक नक्की कोन हुता, ते आता सायबालाच इचारून सांगा." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ते केव्हाच आटले होते.

त्या दिवसापासून नाव ही काय वस्तू आहे, ती कोणाच्या मालकीची असते, आणि ती लिहिणारा कोण, हे प्रश्न आमच्या मागे लागले. त्याच सुमारास आमच्या अभ्यासवर्गात टॉलपडलच्या सहा शेतमजुरांच्या खटल्याचा पाठ चालू होता. त्या सहांच्या पुढाऱ्याचे नाव जॉर्ज लव्हलेस. आणि इंग्लंडच्या कायद्याच्या ग्रंथांत हाच खटला 'लव्हलास' या नावाने छापलेला आढळतो! आम्ही मनाशी म्हटले, येथेही आमचा लखू बाबू भेटला. तेव्हापासून या आडनावाचा पाठलाग आम्ही सोडला नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. इंग्रज माणसाला आडनाव हे काही आभाळातून मिळालेले नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यापूर्वी सामान्य माणसाला एकच नाव असे. पुढच्या दोनतीनशे वर्षांत बापाचे आडनाव मुलाला लागण्याची पद्धत हळूहळू रुजली, आधी जमीनदारांत आणि मग गोरगरिबांत. यात कर वसूल करणाऱ्यांचा हात मोठा होता. १३७७, १३७९ आणि १३८१ साली तेथे डोईपट्टी बसली. पट्टी बसवायची म्हणजे डोकी मोजायची, आणि डोकी मोजायची म्हणजे त्यांना नावे हवीत. एका गावात दहा जॉन असतील, तर कोणत्या जॉनने पैसे दिले हे कारकुनाने ओळखावे कसे? १३८१ च्या पट्टीवरून शेतकऱ्यांचे बंड झाले, त्याचा पुढारी वॉट टायलर. 'टायलर' म्हणजे कौले घालणारा.

ही आडनावे चार वाटांनी आली. गावावरून किंवा ठिकाणावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. आपल्याकडचे 'कर' लागलेले आडनाव गावाचे, सुतार-लोहार धंद्याचे, हे तर आपण जाणताच. तिकडे लोहाराचा 'स्मिथ' झाला. प्रत्येक गावात भाता होता, म्हणून स्मिथ देशभर झाले. पण टोपणनावाचे तसे नसते. ते एखाद्या गावात एखाद्यालाच चिकटते, आणि त्याच्या वंशाबरोबर ते वाढते किंवा विझते. 'लव्हलेस' हे असे टोपणनावातून आलेले, विरळा आढळणारे आडनाव आहे.

त्याचा अर्थ काय? याविषयी दोन मते आहेत. जुन्या इंग्रजीत 'लुफु' म्हणजे प्रेम आणि 'लेआस' म्हणजे विरहित. तेव्हा लव्हलेस म्हणजे प्रेमाच्या पाशात न सापडलेला, हे एक मत. दुसरे मत अगदी उलट. 'लास' म्हणजे पोरगी, तेव्हा लव्हलेस म्हणजे पोरींच्या मागे फिरणारा! एकाच नावात ब्रह्मचारी आणि छचोर दोघेही नांदतात. मूळ पुरुष यांपैकी कोणता होता, हे त्याच्या गावकऱ्यांनाच ठाऊक.

हे नाव इंग्रजीत मुख्यत्वे दोन तऱ्हांनी लिहितात. शेवटची तीन अक्षरे निराळी. एका तऱ्हेने लिहिणारे लव्हलेस केंट आणि बर्कशायर या परगण्यांत जहागीरदार होते. रिचर्ड लव्हलेस हा सतराव्या शतकातील कवी त्या केंटच्या घराण्यातला. त्याचा भाऊ फ्रान्सिस १६६८ ते १६७३ या काळात न्यूयॉर्कचा गव्हर्नर होता. बर्कशायरमधील हर्ली येथल्या शाखेला उमरावकी मिळाली होती, ती १७३६ साली वारसाअभावी संपली. दुसऱ्या तऱ्हेने लिहिणारे लव्हलेस मुख्यतः डॉर्सेट आणि त्याच्या आसपासच्या दक्षिणेकडील परगण्यांत, शेतात राबणारे. आपल्या देवनागरीत मात्र दोघेही सारखेच लिहिले जातात. या एका बाबतीत आपली लिपी त्यांच्या लिपीपेक्षा अधिक न्यायी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता कोणी विचारील की, एखादे आडनाव शेकडो वर्षे एकाच टापूत का राहते? हेन्री ब्रूम गपी या गृहस्थांनी १८९० साली इंग्रज आडनावांच्या मायभूमींवर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी हिशेबासाठी शेतकऱ्यांचीच नावे घेतली. का, तर शेतकरी सहसा जागा सोडीत नाही. हे खरे. पण शेतमजुराची गोष्ट आणखी निराळी आहे. तो जागा सोडीत नव्हता, कारण त्याला ती सोडण्याची सोय नव्हती. १६६२ च्या कायद्याने अशी तरतूद केली की, गरिबाला मदत मिळायची ती त्याच्या स्वतःच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात. दुसऱ्या गावी गेला आणि हा आमच्या डोईवर बसेल असे त्या गावाला वाटले, तर त्याला परत हाकलता येई. नकाशावर जेथे एखादे नाव दाट दिसते, तेथे पंडिताला परंपरा दिसते. आम्हांला तेथे पुष्कळदा दावणीला बांधलेला मजूर दिसतो.

या मजुराचे नाव लिही कोण? १५३८ सालापासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा झाली. मजुराला अक्षर येत नसे. तो फुली मारी, आणि नाव त्या नोंदवहीवाल्याच्या कानाला जसे ऐकू येई तसे उतरे. सरकारी जन्ममृत्यूनोंद सुरू झाली ती १८३७ साली. तोवर शतकानुशतके गरिबाचे नाव दुसऱ्याच्या कानावर आणि लेखणीवर अवलंबून होते.

आता टॉलपडल. डॉर्सेट परगण्यातले हे लहानसे खेडे. तेथील शेतमजुराची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंग होती. ती आठ झाली, मग सात झाली, आणि आता सहा करणार असे मालकांनी सांगितले. जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट पंथाचा गावठी उपदेशक. स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकलेला. त्याने १८३३ साली शेतमजुरांचा संघ काढला. संघ काढणे गुन्हा नव्हता, कारण संघबंदीचे कायदे १८२४ सालीच रद्द झाले होते. मग त्यांना पकडायचे कशाखाली? संघात येताना सभासदांनी गुप्त शपथ घेतली होती. आरमारातील बंडानंतर १७९७ साली केलेला बेकायदा शपथांचा एक कायदा शोधून काढण्यात आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना पकडले आणि मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयात सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स लव्हलेस, मेहुणा टॉमस स्टँडफील्ड, भाचा जॉन स्टँडफील्ड, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट.

या सहाव्याची गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे. शपथेच्या बैठकीला जेम्स हॅमेट हजरच नव्हता, हजर होता त्याचा भाऊ जॉन, असे मानले जाते. शिपायाने नाव विचारले, तेव्हा जेम्स गप्प राहिला. भावाची बायको बाळंत व्हायची होती. कारकुनाच्या चुकीने माणसाचे नाव बिघडते, हे आपण रोज पाहतो. पण भावासाठी आपले नाव चुकीच्या कागदावर राहू देणारा माणूस विरळा.

जॉर्जला टास्मानियात नेले, बाकीच्यांना न्यू साउथ वेल्समध्ये. अशा रीतीने डॉर्सेटच्या मातीत रुतलेले हे आडनाव बेड्या घालून दक्षिण गोलार्धात पोचले. इकडे लंडनमध्ये २१ एप्रिल १८३४ रोजी कामगारांचा प्रचंड मोर्चा निघाला. गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांनी अर्ज घेण्यास नकार दिला. पण चळवळ थांबली नाही, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. जॉर्ज १८३७ साली परतला. जेम्स लव्हलेस व आणखी तिघे १७ मार्च १८३८ रोजी प्लिमथ बंदरात उतरले. हॅमेट १८३९ साली आला.

हे १८३८ साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहण समारंभाच्या निमित्ताने, विल्यम किंग या सरदाराला 'अर्ल ऑफ लव्हलेस' हा किताब मिळाला. त्याची पत्नी ॲडा हिचे नाते हर्लीच्या त्या संपलेल्या लव्हलेस घराण्याशी पोचत होते, म्हणून ते नाव निवडले. आणि पंतप्रधान कोण? तेच लॉर्ड मेलबर्न! ज्यांच्या अमलाखाली एक लव्हलेस काळ्या पाण्यावर गेला, त्यांच्याच अमलाखाली दुसरा लव्हलेस अर्ल झाला. या ॲडाबाईंबद्दल मात्र आमच्या मनात आदरच आहे. त्यांनी १८४३ साली बॅबेज यांच्या नियोजित गणकयंत्रावर जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांमुळे आज संगणकाचे लोक त्यांना पूर्वज मानतात. त्या यंत्राला हुकूम द्यायची भोकांची पत्रे कोठून घेतली होती? जेकार्डच्या मागावरून. तो माग आम्हां विणकरांच्या घरचा आहे, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे.

परत आलेल्या मजुरांना डॉर्सेट पुन्हा लाभले नाही. पाच कुटुंबे आधी एसेक्समध्ये शेतीवर राहिली, पुढे १८४० नंतरच्या दशकात कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, तिकडच्या लंडन गावाजवळ जाऊन वसली. जॉर्ज १८७४ साली तेथेच वारला. आपण कोण होतो, हे त्यांनी तिकडे फारसे कोणाला सांगितले नाही. मुलाबाळांपासूनही ते राखून ठेवले, असे म्हणतात. एकटा हॅमेट टॉलपडलला परतला, बांधकामावर राबला, आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात त्याने देह ठेवला.

अलीकडे डीएनएच्या परीक्षेवरूनही आडनावांचा शोध घेतात. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावे तपासली, तेव्हा असे दिसले की, स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या नावाची माणसे बहुधा एकमेकांची कोणी लागत नाहीत, पण विरळ आडनावाची पुष्कळ माणसे एकाच मूळ पुरुषाची निघतात. हे शास्त्र खरे आहे. तथापि आमच्या हिशेबात नावाचा वंश रक्ताखेरीज आणखी एका रीतीने चालतो. १९३४ साली, शिक्षेला शंभर वर्षे झाली तेव्हा, ब्रिटनच्या कामगारसंघांच्या मध्यवर्ती संस्थेने टॉलपडल येथे म्हाताऱ्या शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. प्रत्येक घराला त्या सहांपैकी एकाचे नाव दिले. दर जुलैत तेथे कामगारांचा मेळावा भरतो. तेथे येणाऱ्यांपैकी कितीकांच्या अंगात लव्हलेसचे रक्त असेल? पण वारस कोण, हे विचारण्याची तेथे कोणाला गरज वाटत नाही.

शेवटी आमच्या त्या वहिनींची हकीकत पुरी केली पाहिजे. दोन जुन्या मुकादमांनी प्रतिज्ञापत्रे दिली की, आम्ही या लखूबरोबर वीस वर्षे पाळी केली, आणि लक्ष्मण बाबूराव तो हाच. तेव्हा पैसे मिळाले. कागदाने जे नाव तीन ठिकाणी तोडले होते, ते सोबत्यांच्या साक्षीने जोडले गेले. तेव्हापासून आमच्या युनियनमध्ये नवा सभासद आला की, वर्गणी घेण्यापूर्वी आम्ही त्याचे हजेरीकार्ड, आधार आणि बँकेचे पुस्तक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. चूक असेल, तर तो माणूस जिवंत आणि धडधाकट असतानाच ती दुरुस्त करून घेतो. काम कंटाळवाणे आहे. त्याच्या बातम्या होत नाहीत. पण आज सभागृहात कोणी गिरणीत, कारखान्यात किंवा कोणाच्या घरी कामाला जाणारे असतील, त्यांनी घरी गेल्यावर एवढे एक काम करावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.