कलम चार आणि मालवणचा समुद्र



सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला आणि या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या घरची चूल ज्याच्या अंमलबजावणीवर बरीचशी अवलंबून असते, तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमही 1981 सालचाच आहे. जिल्ह्याच्या इतिहासाची उजळणी शाळा-महाविद्यालयांत होते, या अधिनियमाची मात्र होत नाही. रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातल्या मासळीचा, वाटा ज्यांच्या घरी येतो, त्या मुलांनाही तो वकिलांच्या कपाटातला विषय वाटतो. वस्तुतः अधिनियम म्हणजे विधिमंडळाने संमत करून राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर होय, आणि त्याची रचना इतकी शिस्तीची असते की कोणते वाक्य कोणत्या जागी का आले हे उमगल्यास सामान्य वाचकालाही त्यात वाट सापडते.

पहिला प्रश्न अधिकाराचा असतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या 21 व्या नोंदीने मत्स्यव्यवसाय राज्यांकडे दिला, तर संघसूचीच्या 57 व्या नोंदीने प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी केंद्राकडे ठेवली. प्रादेशिक जलधी म्हणजे आधाररेषेपासून 12 सागरी मैलांपर्यंतचा, सुमारे 22 किलोमीटर रुंदीचा पट्टा. त्याच्या बाहेर, आधाररेषेपासून 200 सागरी मैलांपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र पसरलेले असते. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी एकवटून पकडण्यावर केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 रोजी जी बंदी घातली, ती या दुसऱ्या क्षेत्रातली आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यात राज्याचा कायदा चालतो. त्यामुळे नौका तीच आणि दिवेही तेच असले तरी कोणता कायदा लागू करायचा हे ती नौका कोठे होती यावर ठरते, आणि सिंधुदुर्गातील मालवणच्या मच्छीमाराची तक्रार कोणत्या कार्यालयात टिकेल याचेही उत्तर तेथेच मिळते.

अधिनियमाचा प्राण कलम 4 मध्ये आहे. ठरवलेल्या क्षेत्रात कोणत्या नौकांनी, कोणत्या जाळ्यांनी आणि कोणत्या काळात मासेमारी करावी यांवर आदेशाने निर्बंध घालण्याचा अधिकार हे कलम राज्य सरकारला देते. मात्र अधिकार देऊन ते थांबत नाही, तो वापरताना कोणत्या बाबी विचारात घेतल्या पाहिजेत हेही सांगते. मासेमारी करणाऱ्या निरनिराळ्या घटकांचे, विशेषतः पारंपरिक नौकांवर अवलंबून असणाऱ्यांचे, हितरक्षण; मत्स्यसाठ्याचे संवर्धन आणि शास्त्रीय पायावर नियमन; आणि समुद्रातील कायदा व सुव्यवस्था, या त्या बाबी होत. पारंपरिक मच्छीमारांचा उल्लेख प्रस्तावनेत शोभेसाठी आलेला नसून अधिकार देणाऱ्या कलमातच आलेला आहे, ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण त्यांच्या हिताचा विचारच न करता काढलेला आदेश या कलमाच्या कसोटीवर तपासून घेण्याची मागणी त्यामुळे न्यायालयात करता येते.

येथून अर्थनिर्णयन, म्हणजे शब्दांचा कायदेशीर अर्थ लावण्याची क्रिया, सुरू होते. पारंपरिक नौकांची उदाहरणे देताना कलमात 'यांसारख्या' या आशयाचा शब्दप्रयोग असेल, तर यादी बंद राहत नाही. त्याच जातीची दुसरी वस्तूही तीत बसू शकते. लाकडी होडीची जागा फायबरच्या होडीने घेतली म्हणून ती पारंपरिक राहिली नाही काय, किंवा होडीला छोटे इंजिन बाहेरून जोडले म्हणून ती यांत्रिक ठरते काय, हे प्रश्न बंदरावर रोज विचारले जातात. त्यांचे उत्तर आधी त्या आदेशातील व्याख्येत शोधावे लागते आणि व्याख्या पुरेशी नसेल तर हेतूकडे वळावे लागते. पावसाळी बंदीचेच पाहता येईल. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी वर्ज्य असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना मात्र सूट असते. ही सूट समजण्यासाठी बंदी मासळीच्या प्रजननासाठी आणि खवळलेल्या समुद्रातील जीवितरक्षणासाठी आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

हेतू शोधण्याची सर्वांत प्रसिद्ध कसोटी इंग्लंडमधील 1584 च्या हेडन खटल्यातली असून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये बेंगाल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यात तिचा आधार घेतला. पूर्वी कायदा कसा होता, त्यात कोणती उणीव किंवा अनिष्ट गोष्ट राहून गेली होती, विधिमंडळाने कोणता उपाय योजला आणि त्या उपायाचे खरे कारण कोणते, असे तिचे चार प्रश्न आहेत. मालवणच्या संदर्भात उत्तरे हाती लागतात. 1897 चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्याला आळा घालत होता, पण किनाऱ्याजवळ येणाऱ्या यांत्रिक ट्रॉलरांमुळे उद्भवलेला संघर्ष त्याच्या कर्त्यांच्या कल्पनेतही नव्हता. हा संघर्ष चिघळल्यावर केंद्राने 1979 मध्ये राज्यांना नमुना विधेयक पाठवले आणि 1980 मध्ये केरळ व गोव्याने, तर पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा केला. केरळने आपल्या कायद्याखाली प्रादेशिक जलधीत पर्ससीन, म्हणजे मासळीचा थवा घेरून पकडणाऱ्या, जाळ्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये जोसेफ अँटनी खटल्यात वैध ठरवली आणि तसे करताना पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेला मोठे वजन दिले. व्यवसायाचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क असला तरी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि वाजवी काय हे ठरवताना दुर्बल घटकाचे पोटही मोजले जाते, हा त्या निर्णयाचा आशय या किनाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

अधिनियमाखालील नियम, आदेश आणि अधिसूचना यांना दुय्यम विधान म्हणतात. मच्छीमाराच्या रोजच्या जगण्याला अधिनियमापेक्षा हेच अधिक भिडते. पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी महाराष्ट्राने या मासेमारीवर क्षेत्र, काळ आणि परवान्यांची संख्या यांचे निर्बंध घातले, तेव्हा अधिनियमातले एकही अक्षर बदलले नव्हते. कलम 4 मध्ये आधीपासून असलेला अधिकार वापरला गेला होता.

मूळ अधिनियमातील दंड काळाच्या ओघात इतका तोकडा ठरला, की एका फेरीच्या मासळीत तो सहज भरून निघे. 2021 च्या सुधारणेने एलईडी मासेमारीसाठी 5 ते 20 लाख रुपये आणि पर्ससीनविषयक उल्लंघनासाठी 1 ते 6 लाख रुपये दंड ठेवला, तसेच प्रकरणांची सुनावणी तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिली. विलंब टाळण्यासाठी हा बदल योग्यच होता. पण गस्त घालणारा आणि निर्णय देणारा विभाग आता एकच झाला असल्याने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, विशेषतः दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकणे आणि निर्णयाची कारणे लेखी देणे, येथे पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळली गेली पाहिजेत. नौका नेमकी कोठे होती, जाळे कोणते होते आणि पंचनाम्यावर कोणाच्या सह्या आहेत, या तीन गोष्टी नोंदीत पक्क्या नसतील, तर कितीही कठोर दंड सांगणारे कलम अपिलात गळून पडते आणि तो समुद्र ज्यांच्यासाठी राखायचा होता त्या रापणकरांना आपली तक्रार पुन्हा पहिल्या कागदापासून लिहावी लागते.