कॉलेजच्या उंबरठ्यावरील दाखला

शाळेचे दार आणि कॉलेजचे दार यांत एक महत्त्वाचा फरक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे वयाचा पुरावा जवळ नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही मुलाला शाळेतून परत पाठविता येत नाही. कॉलेजच्या दारात मात्र ‘तू काय शिकलास?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तू कुठला?’ हा दुसरा प्रश्न उभा राहतो. बहुतेकांना त्याचे उत्तर सोपे जाते. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांतील अनेक मुलांना ते सोपे जात नाही. त्याचा विचार आज करावयाचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात गेले. नकाशा एका दिवसात बदलला. सोयरीक, बाजारहाट आणि बोलणेचालणे मात्र होते तसेच राहिले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्या वादाचा निकाल काय लागावा हा आजचा विषय नव्हे. निकाल लागेपर्यंत मुलांनी शिकावे कसे, एवढाच आपला प्रश्न आहे.

दोन्ही राज्यांनी या मुलांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. कर्नाटकाच्या नियमांतही दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या तालुक्यांतील कन्नड भाषिक मुलांसाठी तशीच वाट ठेवलेली आहे. शिवाय घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने आलेल्या ३७१ ञ या अनुच्छेदामुळे, जन्माने अथवा अधिवासाने कल्याण कर्नाटकातील असलेल्या विद्यार्थ्यांना तेथील शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. बीदर-कलबुर्गीतील मराठी मुलाचाही त्यांवर तेवढाच हक्क आहे.

मग अडते कोठे? अडते ते दाखल्यापाशी. कर्नाटकातील व्यावसायिक प्रवेशाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने पहिली ते बारावी या काळात किमान ७ वर्षे त्या राज्यातील शाळांत काढलेली असावी लागतात. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आता आळंद किंवा औराद तालुक्यातील एखाद्या मजुराच्या घराचा विचार करा. आईबाप कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. मूल कधी आजीपाशी राहते, कधी आईबापांबरोबर जाते. सहा वर्षे इकडच्या शाळेत, सहा वर्षे तिकडच्या. बारा वर्षे ते अखंड शिकले. परंतु एका राज्याच्या हिशेबात सात भरत नाहीत आणि दुसऱ्याच्या हिशेबात पंधरा भरत नाहीत. देश एक, नागरिकत्व एक, आणि तरीही हे मूल दोन्हीकडे परके!

लमाणी तांड्यांवरील मुलांची अडचण याहून बिकट आहे. हा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यातील आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दाखला अडला की जागा अडते आणि शुल्काची सवलतही अडते. गरिबाला ही दुसरी अडचण अधिक जाचते.

स्वतःच्या रहिवाशांना कमी शुल्क लावणे हा राज्याचा अधिकार न्यायालयाने फार पूर्वीच मान्य केला आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते, बाहेरच्यांना नव्हते. १९५५ मध्ये हा भेद वैध ठरला. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेचा लाभ प्रथम त्या जनतेला मिळावा, हे तत्त्व वाजवीच आहे. पण रहिवासी कोणाला म्हणावे, हे ठरविताना जिथे जन्म काढला तिथेच मूल उपरे ठरू नये, एवढी काळजी घ्यावयास हवी.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत परदेशातून कागदपत्रांवाचून आलेल्या कुटुंबांची मुले शाळेत जाऊ शकतात, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. पुढे २००१ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी, आपल्याकडे तीन वर्षे राहून शिकलेल्या अशा मुलांना कॉलेजात रहिवाशांचेच शुल्क लावण्याचे ठरविले. टेक्सासमधील ती सवलत २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली. त्या मुलांजवळ नागरिकत्व नाही. आपल्या सीमेवरील मुलांजवळ ते जन्मजात आहे. म्हणून इथला प्रश्न सुटण्यास अधिक सोपा असावयास हवा.

दोन गोष्टी शासनांना करता येतील. पहिली, सीमेलगतच्या जिल्ह्यांपुरती दोन्ही राज्यांतील शाळांची वर्षे एकत्र मोजावीत. दुसरी, वास्तव्याचे आणि पात्रतेचे दाखले दहावीच्या वर्षीच शाळेमार्फत द्यावेत. प्रवेशाच्या ऐन घाईत बापाची मजुरी बुडवून त्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास लावू नयेत.

पालकांनीही सावध राहिले पाहिजे. मूल जितक्या शाळांत शिकले तितक्या शाळांचे दाखले जपून ठेवावेत. नाव आणि आडनाव सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, हे वेळीच पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखलाच शाळा-कॉलेजच्या प्रवेशात जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरणार आहे. तांड्यावरील, वाडीवरील प्रत्येक जन्माची नोंद झालीच पाहिजे. आणि आळंद तालुक्यात कडगंची येथे २००९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे, तेथील प्रवेश अखिल भारतीय परीक्षेवर होतात, हेही मुलांच्या कानावर घालावे.

सीमा कोठे असावी हे ठरविण्यास राज्यांना कितीही काळ लागो; मुलाच्या आयुष्यात अठरावे वर्ष एकदाच येते. त्या वर्षी त्याच्या हाती पुस्तक असेल की घमेले, हे एका दाखल्यावर ठरू नये.